नापासाची वर्षे आणि नर्सिंगचा अर्ज

बारावीचा निकाल आणि मृगाची पेरणी आपल्या घरात पाठोपाठ येतात. पेरलेले उगवले नाही तर दुबार पेरणी करायला कोणी लाजत नाही. पैशाची ओढाताण होते, पण माणूस पुन्हा पाभर जुंपतो. निकालाचे मात्र तसे नाही. पोरगी एका विषयात गेली की घरातली बोलणी आखडतात, मार्कलिस्ट ट्रंकेच्या तळाशी जाते आणि मामा स्थळे सुचवू लागतो. मग दोन-तीन वर्षांनी, आजीला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलेले असताना, तिथल्या सिस्टरची धावपळ बघून तीच पोरगी हळूच विचारते, "आई, मला आता नर्सिंगला घेतील का गं?"

भगिनींनो, तुमच्या घरात हा प्रश्न निघाला असेल तर त्याला "आता कसले शिक्षण" म्हणून उडवून लावू नका. आणि "घेतील की, ओळख आहे आपली" असेही म्हणू नका. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे उत्तर कागदावर आहे आणि ते आपण नीट वाचून घेऊ.

नर्सिंगला जायची दारे तीन आहेत. पहिले ए.एन.एम. आपल्या उपकेंद्रात लस टोचणाऱ्या, बाळंतपणाची नोंद ठेवणाऱ्या सिस्टर असतात, त्यांचे हे शिक्षण. दोन वर्षांचे आणि फक्त मुलींसाठी. पूर्वी ते दहावीवर होत असे, आता बारावी लागते. पण कला शाखेची बारावीही चालते. दुसरे जी.एन.एम. हे तीन वर्षांचे. इथेही कला शाखेच्या मुलीला मज्जाव नाही, मात्र बारावीला एकूण ४० टक्के आणि शिवाय इंग्रजीत वेगळे ४० टक्के लागतात. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचे. तिथे विज्ञान शाखाच हवी. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ४५ टक्के हवेत आणि इंग्रजीत उत्तीर्ण हवे. अनुसूचित जाती-जमातींना यात ५ टक्क्यांची सूट आहे. वयाची १७ वर्षे पुरी झालेली असावीत. पहिल्या दोन अभ्यासक्रमांना वरची मर्यादा ३५ वर्षांची आहे. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. मुलग्यांनाही करता येते, हे जाता जाता सांगून ठेवते, कारण ते अजून पुष्कळांना ठाऊक नसते.

आता हे निकष पुन्हा वाचा. पहिल्याच खेपेला पास झालेली असावी, असे त्यात कुठे आहे का? नाही. मध्ये वर्षे वाया गेलेली नसावीत, असे आहे? तेही नाही. तेवीस वर्षांची, एक लेकरू असलेली बाईसुद्धा वयात बसते. आपणच मनाने घातलेल्या अटी सरकारी अटींपेक्षा जास्त कडक असतात.

पण एक खाच आहे, तिच्याकडे लक्ष द्या. बोर्डाचे पासाचे गुण ३५. इंग्रजीत ३६ मिळाले तर मुलगी पास झाली, घरी पेढे वाटले, पण जी.एन.एम.ला ते ३६ अपुरे पडतात. पास असणे वेगळे आणि पात्र असणे वेगळे. अर्जाची फी भरण्याआधी मार्कलिस्ट हातात घेऊन इंग्रजीची ओळ बघा. कमी असतील तर वाट बंद झाली असे नाही. श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षेला बसता येते. मात्र त्यात सगळे विषय द्यावे लागतात आणि ही सवलत पास झाल्यानंतरच्या लागोपाठच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते, म्हणून उशीर करू नका. दुसरी वाट ए.एन.एम.ची. ए.एन.एम. होऊन परिषदेकडे नोंदणी झाली की जी.एन.एम.साठी ती वेगळी पात्रता मानली जाते आणि तिथे नुसते उत्तीर्ण गुण चालतात. जी.एन.एम. आणि त्याची नोंदणी झाली की पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. हा जिना लांबचा आहे, वर्षे जास्त जातात. पण मधल्या प्रत्येक पायरीवर नोकरी करता येते, हे शेतकऱ्याच्या घराला फार सोयीचे.

जिची बारावीच राहिली आहे तिने आधी बारावी उरकावी. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. कॉलेज सुटून बरीच वर्षे झाली असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. तुमच्या जवळच्या ज्युनिअर कॉलेजातला कारकून त्याच्या तारखा सांगेल. इंग्रजीत गेलेल्या मुली आपल्याकडे फार, आणि नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत. म्हणून तो विषय नुसता सुटावा असे न म्हणता थोडा कमवावा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, आजीच्या केसपेपरवरचे शब्द, हेही वाचायला लावा. वॉर्डात तेच वाचायचे आहे.

बी.एस्सी.च्या बाबतीत एक गोष्ट कमी गुणांच्या मुलीच्या बाजूची आहे. आता आपल्या राज्यात या प्रवेशासाठी वेगळी सी.ई.टी. घेतली जाते आणि गुणवत्तेची रांग त्या परीक्षेवर लागते. बारावीचे गुण म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की पुढे सी.ई.टी. बोलते. बारावीला जेमतेम ४७ टक्के असलेली मुलगी नीट तयारी करून ७० टक्केवालीच्या पुढे उभी राहू शकते. बाकी दोन अभ्यासक्रमांचे प्रवेश कसे होतात ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचावे. मागच्या वर्षी शेजारणीच्या मुलीला काय विचारले त्यावर जाऊ नये, नियम बदलतात.

आता मधल्या वाया गेलेल्या वर्षांविषयी. शिक्षणात खंड पडला असेल तर प्रवेशाच्या वेळी त्याचे प्रतिज्ञापत्र मागतात. कुठली वर्षे, का, आणि त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतलेला नव्हता, एवढेच त्यात लिहायचे असते. तहसीलच्या बाहेर बसणारे टंकलेखक त्यात 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असे ठोकून देतात, कारण त्यांच्याकडे तोच नमुना तयार असतो. सही करण्याआधी वाचा! मुलगी धडधाकट असताना आजारी होती असे लिहिले, तर वैद्यकीय तपासणीच्या वेळी कोणता आजार होता असे विचारतील, आणि मग काय सांगणार? "२०२१ ते २०२३ या काळात घरच्या आर्थिक अडचणीमुळे शेतात काम केले" हे वाक्य सरळ आहे आणि पुरेसे आहे. "विवाहामुळे शिक्षण थांबले" हेही चालते. "गणितात नापास झाले, पुन्हा बसून २०२३ मध्ये उत्तीर्ण झाले" यात तर लपवण्यासारखे काहीच नाही.

काही रुग्णालयांच्या शाळांत मुलाखत होते. तिथे "तीन वर्षे काय करत होतीस?" असे विचारतात तेव्हा आपल्या मुली मान खाली घालून "काही नाही, घरीच" म्हणतात. घरीच म्हणजे काय? अर्धांगवायू झालेल्या आजोबांना दोन वर्षे कुशीवर वळवले, पाठीला जखम होऊ दिली नाही, वेळेवर गोळ्या दिल्या. हे 'काही नाही' आहे का? फुगवून सांगू नये, पण झाले तेवढे तरी सांगावे.

आणि ही रीत नवी नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख. त्यांना स्वतःलाही अक्षरओळख लग्नानंतरच झालेली. संस्थेत विधवा, घरातून टाकलेल्या, शाळा अर्धवट राहिलेल्या बायका येत. त्यांतल्याच कित्येकींना पुढे ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळाले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परक्या रुग्णाला हात लावणाऱ्या या बायकांना लोकांनी काय काय म्हटले असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

लग्न झालेल्या भगिनींसाठी एक किरकोळ वाटणारी पण अडवून धरणारी बाब. दहावीच्या कागदावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र आधीच काढून ठेवा. जातीच्या दाखल्याची पडताळणीही वेळखाऊ. प्रवेशाची तारीख आठ दिवसांवर आली म्हणून कोणतेही कार्यालय घाई करत नाही.

बांधाच्या भांडणात फिर्यादीत घरादाराची नावे घालायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. त्यात मुलीचे नाव आले असेल तर घरचे घाबरतात. फिर्यादीत नाव येणे म्हणजे शिक्षा होणे नव्हे. अर्जात त्याविषयी विचारलेच नसेल तर आपण होऊन लिहायची गरज नाही. विचारले असेल तर मात्र खरे लिहा: खटल्याचा क्रमांक, कोर्ट, आणि आज काय स्थिती आहे. नोकरीसाठी माहिती लपवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तपासला. दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आणि गुन्हा किरकोळ असेल तर मालकाने त्याचा विचार करावा, असेही सांगितले. आज लपवलेली गोष्ट सरकारी नोकरीच्या पोलीस पडताळणीत निघते, तेव्हा शिक्षणाची तीन-चार वर्षे आणि बापाचे पैसे दोन्ही पणाला लागलेले असतात. अठरा वर्षांच्या आतले प्रकरण बाल न्याय मंडळापुढे झाले असेल, तर २०१५ च्या कायद्याने त्याचा ठपका पुढे अपात्रता म्हणून लागत नाही. तसे असेल तर मात्र वकिलाला विचारूनच अर्ज भरा.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असतो: 'बारावी नापास? तरीही नर्स व्हा, सहा महिन्यांत!' खाली मोबाइल नंबर. ज्या घरातल्या मुलीचा रेकॉर्ड कच्चा, तेच घर या कागदाला भुलते. गाय विकली जाते, सोसायटीचे कर्ज निघते, आणि हातात रंगीत प्रमाणपत्र येते. ते घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे गेल्यावर कळते की नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरती नाही, चांगल्या रुग्णालयात परिचारिकेची जागा नाही. ती मुलगी पाच-सहा हजारांवर गावातल्या दवाखान्यात राबते आणि कागदोपत्री ती कोणीच नसते.

रुग्णांची देखभाल शिकवणारे छोटे अभ्यासक्रम असतात आणि ते काम मानाचे आहे. कोणी समजून-उमजून ते केले तर माझी हरकत नाही. पण त्याला नर्सिंग म्हणून विकणे ही फसवणूक आहे. तसेच 'परराज्यात नाव घालू, हजर राहायची गरज नाही' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. वॉर्डात उभे राहिल्याशिवाय नर्स होता येत नाही, पत्राने जी.एन.एम. होत नाही. आणि 'मार्कलिस्ट दुरुस्त करून देतो' म्हणणारा तर तुमच्या मुलीला नापासातून उचलून फौजदारी गुन्ह्यात नेऊन ठेवतो.

पैसे देण्याआधी संस्थेत जाऊन विचारा. अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव काय आणि किती वर्षांचा? चालू वर्षाची मान्यता आहे का? ती संस्थेच्या भिंतीवरच्या चौकटीत पाहू नका, परिषदेच्या यादीत पाहा. गावातल्या कोणाही कॉलेजच्या पोराला मोबाइलवर उघडता येते. परीक्षा कोण घेते? ए.एन.एम., जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बी.एस्सी.ची बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत. 'आमची परीक्षा आम्हीच घेतो' हे उत्तर आले तर पाणी पिऊन परत या. १९४७ च्या कायद्याने झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. तेव्हा पुढेमागे कागदावरचे नाव बदललेले दिसले तर बिचकू नका, मान्यता मात्र बघाच. फीच्या सवलती आणि शिष्यवृत्त्या बहुधा सरकारी प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना मिळतात. एजंटाने 'मागच्या दाराने' नेले की त्याही गेल्या.

मूळ कागद कुठेही द्यावे लागले तर सही-शिक्क्याची पोच घ्या आणि सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स घरी ठेवा.

एवढे वाचूनही अर्ज कोड्यासारखा वाटला, तर उपकेंद्रातल्या सिस्टरकडे मार्कलिस्ट घेऊन जा. त्या याच वाटेने आलेल्या असतात आणि कुठल्या शाळेत मुलींना नीट शिकवतात, वसतिगृह कसे आहे, हे त्यांच्याइतके कोणी सांगणार नाही. फक्त लसीकरणाचा दिवस सोडून जा. त्या दिवशी त्यांना मान वर करायला फुरसत नसते.