काचेवरची रेघ

मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयातल्या चार फुटी रीफ टँकमधला वेव्हमेकर रात्रीतून घसरला. सकाळी दार उघडले तेव्हा टाकीत मासे दिसेनात; दिसत होते ते ताकासारखे पाणी. पंप तळाशी आडवा पडून, वाळूत तोंड खुपसून चालूच होता. एका कोपऱ्यात वाळू उडून टाकीची काच उघडी पडली होती, दुसऱ्या कोपऱ्यात ढीग साचला होता आणि त्या ढिगाखाली दोन मशरूम कोरल गाडले गेले होते. मासे वाचले. इम्पेलर मात्र वाळूने खरवडून निघाला. ‘पंपच भिकार आहे’ असा शेरा कुणीतरी मारला. पंपाचा दोष नव्हता. चौदा महिन्यांत त्याची पकड आम्ही एकदाही तपासली नव्हती.

टाकी बसवणारे आणि सांभाळणारे आपण सगळेच पंप घेताना तासाला किती लीटर, किती वॉट, आवाज किती, कंट्रोलर कसला, हे खोदून खोदून विचारतो. तो काचेवर कशाच्या जोरावर टिकणार, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. पंपासोबत डब्यात आलेला माउंट जन्मभर पुरेल असे आपण गृहीत धरतो. खरे तर माउंट हा इम्पेलरइतकाच झिजणारा भाग आहे.

चुंबकी माउंटचेच पाहा. चुंबक पंपाला काचेकडे ओढतो, पण वर धरून ठेवत नाही. खाली सरकू न देण्याचे काम रबरी गादी आणि काच यांच्यातले घर्षण करते. आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा जोडीने खाली उतरू लागले, तर चुंबकाची त्याला काहीच हरकत नसते! आतल्या काचेवर बुळबुळीत थर धरला, गादीच्या कडेखाली जांभळे कोरलाइन शेवाळ शिरले, बाहेर मिठाची पापुद्री चढली किंवा काच पुसायच्या फवाऱ्याचा ओशटपणा राहिला, की चुंबक तेवढाच ताकदवान असूनही पकड गेलेली असते.

दुसरी गोष्ट धक्क्याची. तासाला १०,००० लीटरचा पंप सेकंदाला जवळजवळ पावणेतीन लीटर पाणी पुढे ढकलतो, आणि तेवढ्याच जोराने स्वतः मागे रेटला जातो. बाजूच्या काचेवर बसवून समोरच्या काचेकडे तोंड केले, तर हा रेटा पंपाला काचेवर दाबतो आणि पकड उलट घट्ट होते. तोच पंप मागच्या काचेवर लावून तोंड वळवले आणि झोत काचेला समांतर सोडला, तर सगळा रेटा गादीला आडवा सरकवू पाहतो. त्यात पल्स मोड असेल आणि सेकंदाला एक झटका बसत असेल, तर दिवसाचे ८६,४०० झटके झाले. पंप एकदम पडत नाही. आधी कित्येक आठवडे तो केसाकेसाने सरकत असतो.

सक्शन कपची कथा वेगळी, शेवट तोच. कप हवेच्या दाबावर टिकतो आणि त्यासाठी त्याची कड मऊ असावी लागते. खाऱ्या पाण्यात रबर कडक होते, कड उचलली जाते, पाणी आत झिरपते. नखाने दाबून पाहा. खळगा लगेच भरून आला नाही, तर कप बदला. दरवर्षी नवे कप बसवण्याचा नियमच करून टाकलेला बरा.

काचेची जाडी हा चुंबकाच्या निवडीतला कळीचा मुद्दा. अंतर वाढले की चुंबकाचा जोर झपाट्याने घटतो. त्यामुळे १० मिलिमीटर काचेसाठीचा माउंट १५ मिलिमीटरवर ‘चालून जाईल’ हा हिशेब चुकीचा आहे. उलटा प्रकारही धोक्याचा. पातळ काचेवर दांडगा चुंबक लावताना दोन तुकडे एकमेकांवर आदळले, तर काच तडकते, नाहीतर बोट चेचते. काठाशी तिरके धरून, सरकवतच बसवावेत. मध्ये वाळूचा कण नाही ना, हे आधी पाहावे. आतल्या चुंबकाच्या आवरणाला चीर गेली, तो फुगला किंवा त्यातून तपकिरी ओघळ आला, तर इपॉक्सीची ठिगळे लावू नका. आतला नियोडिमियम चुंबक खाऱ्या पाण्यात गंजतो आणि त्याचे धातू पाण्यात उतरतात. कोरल आणि कोळंबी ते सोसत नाहीत. असा माउंट सरळ फेकून द्यावा.

आता पावसाळा तोंडावर आहे. वीज जाईल, येईल, पुन्हा जाईल. साधा एसी पंप दर वेळी हिसका देऊन सुरू होतो आणि सैल पकडीची परीक्षा तेव्हाच होते. पाणी बदलतानाही तेच. पाण्यात पंप हलका असतो. पातळी उतरून तो उघडा पडला की पूर्ण वजन गादीवर येते. म्हणून पाणी काढण्याआधी पंप बंद करा आणि पातळी पंपाखाली जाणार असेल तर तो उतरवून ठेवा. घसरलेल्या पंपाचे तोंड वर झाले, तर पाणी काठाबाहेर जमिनीवर आणि प्लगवर उडते. भटक्या ॲनिमोनपर्यंत तो पोहोचला, तर सकाळी नुसते माशांचे नुकसान मोजून भागत नाही. चिरडलेला ॲनिमोन अख्ख्या टाकीचे पाणी नासवतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. पंपाच्या वायरीला केबल टाय लावून तो टाकीच्या वरच्या पट्टीला बांधा. ढील एवढीच ठेवा, की पकड सुटली तरी पंप वाळूपर्यंत जाऊ नये. वायरीचे वजनही त्याच पट्टीवर येऊ द्या, पंपावर नको. पट्टी नसलेल्या टाकीत वायर स्टँडच्या कडेला अडकवा. वायर प्लगच्या खाली झुलून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेले पाणी खालीच ठिबकेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसलेल्या जोडणीवर खाऱ्या पाण्याची टाकी चालवू नये, हे पुन्हा एकदा सांगतो. दर तीन महिन्यांनी पंप पाण्यात निम्मे पांढरे व्हिनेगर घालून भिजवा, गाद्या आणि त्यांच्याखालची काच दोन्हीकडून स्वच्छ करा.

व्यवसाय म्हणून टाक्या बसवणाऱ्यांना वेगळी विनंती. बिलावर पंपाच्या वॉरंटीशेजारी गाद्या किंवा कप बदलण्याची तारीख लिहा. माउंट सुटून टाकी गेली, की ग्राहक हा छंदच सोडतो आणि ते नुकसान तुमच्या-आमच्या सगळ्यांचे असते.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. मार्कर घ्या आणि बाहेरच्या चुंबकाच्या खालच्या कडेला लागून काचेवर रेघ ओढा. दर रविवारी मासे मोजता, तेव्हा त्या रेघेकडेही पाहा. आमच्या टाकीवर जुन्याच गाद्या घासूनपुसून पंप पुन्हा चढवला आणि रेघ ओढली, त्याला तीन आठवडे झाले. पंप दोन मिलिमीटर खाली आला आहे. नव्या गाद्या मागवल्या आहेत.