घर परदेशी, घड्याळही परदेशी

दिवेआगरला खोली घेतली आणि बेत फिसकटला, तर फोनवर "काकू, या खेपेला जमत नाही हो" म्हटलं की बहुधा भागतं. परदेशातल्या सुट्टीच्या घराला अशी काकू नसते. तिथे चालते ती रद्द करण्याची मुदत.

गेल्या वर्षी आम्ही म्हसळ्याहून बालीला निघणार, तोच सासूबाई आजारी पडल्या. मुदत रात्री बाराची, म्हणून जेवणं, झाकपाक आटोपून दहाला मोबाइल हातात घेतला. तर मुदत टळलेली! बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथले बारा म्हणजे आपले साडेनऊ. निम्मे पैसे गेले. (सासूबाई आठवड्यात हिंडू लागल्या, ते वेगळं.)

मुदत बहुधा त्या गावच्या वेळेनंच असते. दुबई आपल्या दीड तास मागे, तिथे उलट थोडी सवड मिळते. ‘५ दिवस आधी’ हेसुद्धा पुष्कळदा घरात शिरण्याच्या तासापासून मागे मोजतात. प्रवेश दुपारी तीनचा, तर मुदतही तीनलाच संपते. रात्रीपर्यंत थांबू नका. आणि व्हिसा नाकारला म्हणून पैसे परत मिळतीलच असं नाही. त्याचा निकाल मुदतीच्या आत लागेल, असंच घर निवडा.

मी आता मुदत आपल्या वेळेत करून कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारीच.