प्राणिशास्त्रातली ‘जाती’ आणि समाजातली जात

कॉलेजात प्राणिशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना आपल्याकडे हमखास विचारले जाते, ‘मेडिकलला नंबर लागला नाही का?’ डॉक्टर आणि इंजिनिअर सोडले तर विज्ञानाला किंमत नाही, असा समज आपल्या वस्त्यांतही पसरला आहे. तो घातक आहे. कारण याच विषयातला एक धडा जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालतो.

वर्गीकरणाची उतरंड या विद्यार्थ्यांना पाठ असते. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. मराठी पाठ्यपुस्तकांतला हाच शब्द आहे. ही जाती ठरते कशी? अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली केलेली व्याख्या आजही शिकवली जाते. निसर्गात ज्यांची आपसात संतती होते आणि इतर गटांशी होत नाही, ती एक जाती. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर जन्मते, पण ते सहसा वांझ असते. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती. माणसाचे काय? कोणत्याही जातीच्या मुलाने कोणत्याही जातीच्या मुलीशी लग्न केले तरी वंश पुढे चालतो. म्हणून विज्ञानाच्या दप्तरी माणसाची जाती एकच, होमो सेपियन्स! रक्तगटाच्या प्रात्यक्षिकात ए, बी, एबी, ओ दिसतात. ब्राह्मण आणि महार दिसत नाहीत.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये हाच युक्तिवाद केला. माणसांचे वंश निराळे मानले तरी ते एकाच जातीचे प्रकार आहेत, त्यांची संतती वांझ नसते. मग मिश्रविवाहाला बंदी कशासाठी? त्याच्या कितीतरी आधी वासेट्ठ सुत्तात तथागतांनी सांगितले की, गवत, किडे, मासे, पक्षी यांत जन्मजात वेगळी लक्षणे दिसतात, माणसामाणसांत तशी दिसत नाहीत.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म असल्याचे दाखवले. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुके तपासून काढलेला निष्कर्ष असा, की सुमारे १९०० ते ४२०० वर्षांपूर्वी भारतातील समूहांची मोठी सरमिसळ झाली, त्यानंतर ती थांबत गेली. म्हणजे शुद्ध रक्ताचा दावा खोटा आहे, आणि भिंती माणसांनी नंतर बांधल्या आहेत. न्यायालयाच्या भाषेत, याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

असे असताना २०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाच्या हाती तो पुरावा पडू नये, हाच याचा परिणाम. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. ते सरकारी मंडळाला लागू नाही काय?

परंतु बोट केवळ दिल्लीकडे दाखवून चालणार नाही. परीक्षेत जातीची व्याख्या लिहून गुण मिळवणारा तरुण सोयरीक ठरताना पोटजात विचारतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते. मग ती पदवी कोणत्या कामाची?

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, हा विषय नाइलाज म्हणून शिकू नका. रविवारी विहारात लहान मुलांना खेचराचे उदाहरण आणि रक्तगटाचा प्रयोग समजावून सांगा. आणि स्वतःच्या लग्नाची वेळ येईल तेव्हा त्या धड्याशी प्रामाणिक राहा. जय भीम!