रिबकेचं माहेर किती लांब?

मैत्रिणींनो, नाताळ जवळ आला की शाळेत येशूजन्माचा प्रवेश बसवायचं काम हमखास आम्हा अर्धवेळ शिक्षिकांकडे येतं. पुठ्ठ्याचं गाढव, निळी ओढणी घेतलेली मरीया, हातात काठी घेतलेला योसेफ. दोन मिनिटांत सगळी मंडळी रंगमंचाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचतात. (शुभवर्तमानात गाढवाचा उल्लेखसुद्धा नाही बरं का! पण गाढव काढून टाकलं तर मुलं रुसतील.) अशाच एका तालमीत एका मुलीनं विचारलं, "बाई, नासरेथहून बेथलेहेम किती लांब?"

प्रश्न मोलाचा आहे. घरात मुलांचा अ‍ॅटलास असेल तर सुती दोरा घेऊन बसा. दोरा दोन गावांवर ताणून धरायचा आणि मग नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर मोजायचा. नासरेथ-बेथलेहेम भरतं सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. आपलं मुंबई-पुणे दोऱ्यानं मोजाल तर जवळजवळ तेवढंच. पण वाट काही दोऱ्यासारखी सरळ नसते. यार्देन नदीच्या खोऱ्यातून गेलं तर वळसा पडतो आणि यरीहोपासून चढण लागते. यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, तर बेथलेहेम साडेसातशे मीटरांहून उंच. म्हणजे बोरघाट जवळजवळ दोनदा चढायचा! धडधाकट माणूस रोज २५-३० किलोमीटर चालेल असं धरलं तर पाच-सहा दिवस. पोटुशी बाई बरोबर असेल तर किती, ते तुम्हीच सांगा.

बायबलात किलोमीटर नाहीत. तिथे अंतर पुष्कळदा पावलांनी आणि दिवसांनी मोजतात. एक दिवसाची वाट, तीन दिवसांची वाट. शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी चालायची मर्यादा २००० हात होती. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपल्याकडे गजरा मोजून देतात तसा. सगळं मिळून जेमतेम एक किलोमीटर. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेला मागे राहिला हे आईवडिलांच्या लक्षात आलं तेव्हा ती दोघं एक दिवसाची वाट पुढे निघून गेली होती. मोठ्या जत्थ्यात मूल कुणाबरोबर तरी असेल, असं वाटतंच. परतायला आणखी एक दिवस. शाळेच्या सहलीत मी मुलं वारंवार मोजते, त्याला मोठ्यांनी हसू नये.

पण माझं मन घुटमळतं ते जुन्या करारातल्या रिबकेपाशी. अब्राहाम कनान देशात येऊन राहिला, तरी मुलासाठी सून त्याला आपल्या मूळच्या मुलखातली हवी होती. म्हणून त्याचा म्हातारा सेवक दहा उंट घेऊन तिकडे गेला. तो मुलूख हारानचा, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागात. दोरा लावून पाहा. हारानपासून कनानच्या दक्षिणेकडच्या नेगेबापर्यंत सरळ रेषेत सातशे किलोमीटरांच्या वर भरतं. म्हणजे नागपूरची मुलगी मुंबईला दिली म्हणा ना, आणि तीही आगगाडी नसताना. लादलेल्या उंटांबरोबर महिनाभराची वाट.

संध्याकाळी पाणवठ्यावर सेवकानं रिबकेकडे घोटभर पाणी मागितलं. तिनं त्याला दिलं आणि आपण होऊन म्हणाली, उंटांनाही पाजते. हे वाक्य पुरुष वाचतात तेव्हा त्यांना मुलगी सालस वाटते. मी हिशेब मांडला. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पितो. निम्मंच धरा, तरी दहा उंटांचे पाचशे लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर तेहतिसाहून जास्त खेपा. पाणवठा खाली, घागर खांद्यावर, आणि ही धावत होती असं लिहिलंय! नळाला पाणी नसलं की दोन बादल्या जिन्यावरून चढवून कंबर धरणाऱ्या आपण.

लग्न ठरलं. दुसऱ्या दिवशी सेवक निघायच्या घाईत. भाऊ आणि आई म्हणाले, दहा दिवस तरी राहू दे. तो ऐकेना, तेव्हा त्यांनी मुलीलाच बोलावून विचारलं. ती म्हणाली, जाते. तिला विचारलं गेलं, हे मला फार आवडतं. बरोबर दासी होत्या आणि लहानपणापासूनची दाई, दबोरा. चिठ्ठी नाही, तार नाही, सणाला बोलावणं नाही. रिबका माहेरी परत आल्याचं पुढे कुठेही आलेलं नाही.

पुढे तिची जुळी मुलं मोठी झाली, आशीर्वादावरून वैर पेटलं. थोरला धाकट्याच्या जिवावर उठला, तेव्हा रिबकेनं धाकट्या याकोबाला कुठे पाठवलं? आपल्या माहेरी, भावाकडे. भावाचा राग शांत होईपर्यंत थोडे दिवस राहा म्हणाली. ज्या वाटेनं ती नववधू होऊन आली, त्याच मुलखाकडे मुलगा उलटा चालत गेला, आणि तोही एकटा.

त्या थोड्या दिवसांची वीस वर्षं झाली. तो बायकामुलं, गुरंढोरं घेऊन परतला, तेव्हा भावाची भेट झाली, म्हाताऱ्या बापाचीही झाली. आईची भेट मात्र लिहिलेली नाही. तिचं दफन मकपेलाच्या गुहेत झालं, एवढं ओझरतं खूप पुढे येतं. मध्येच दोन ओळींत येते ती म्हातारी दबोरा. परतीच्या वाटेवर बेथेलजवळ ती वारली आणि तिला एका झाडाखाली पुरलं. माहेराहून रिबकेबरोबर आलेली ती दाई याकोबाच्या तळावर कशी पोचली, कुणी पाठवली, काही सांगितलेलं नाही. त्या झाडाला मात्र लोकांनी रडण्याचं झाड असं नाव ठेवलं.