पोराचा पाय चाकात जाऊ नये म्हणून

हँडलला बाजाराची पिशवी, दांडीवर धाकटं, कॅरिअरवर थोरलं. आपल्या बीडकडं एक सायकल सारं घर वाहते. बालाघाटाच्या उतारावर वेग वाढला, की मागचं पोर भिऊन पाय आत घेतं आणि टाच चाकाच्या तारा नि चौकटीची नळी यांत सापडते. कातडं सोलतं, कधी हाडही मोडतं.

आयाबायांनो, इलाज घरातच आहे. तेलाच्या १५ लिटरच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनच्या दोन सपाट बाजू कापा. तापल्या खिळ्यानं भोकं पाडा आणि चाकाच्या दोन्ही अंगांना कॅरिअरच्या उभ्या सळ्यांना तारेनं आवळा. तारेची टोकं दुमडा. चाक फिरवून बघा, कुठं घासता कामा नये. डब्याचा पत्रा नको, त्याची धारच पाय कापेल. पदर नि ओढणीही यानं वाचते.

तरी पाय अडकलाच, तर ओढू नका. चाक हळू उलटं फिरवा. नाहीच निघाला तर तारा कापा, त्या दुकानात मिळतात. जखम स्वच्छ पाण्यानं धुवा. हळद-चुना नको. वरून थोडं दिसलं तरी आत मांस चेचलेलं असतं, कातडं दोन-चार दिवसांनी काळं पडतं. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.