असईवर युद्ध संपले नव्हते


१८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाचा निकाल असईच्या लढाईतच लागला, हे पत्र वाचले. लेखक महाशय वऱ्हाडात उतरलेच नाहीत म्हणायचे! २९ नोव्हेंबरला आडगावला (आज तेल्हारा तालुका) नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधू मन्याबापू उभे होते. त्यांच्या तोफा कडाडताच असईत टिकलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी मागे पळाल्या. जनरल वेलस्लीने स्वतः आडवे जाऊन त्या वळवल्या. सेनापती म्हणून तो इथे दिसतो. मग भोसल्यांचा गाविलगड किल्ला. इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला किल्लेदार बेनीसिंग दरवाजापाशीच पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला, वऱ्हाड निजामाकडे गेले. चिखलदऱ्याला पॉइंट बघून परतणाऱ्यांनी गडाच्या दरवाजापर्यंतही जावे.

– एक वाचक, अचलपूर