चिकू-दूध : दुपारी चारचे छोटे जेवण



उन्हाचा कडाका वाढू लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागते : “मला आज जेवायला नको, पेलाभर दूध दिलेत तरी पुरे.” हे वाक्य बहुधा घरातील आजी किंवा आजोबा उच्चारतात आणि घरातील मंडळी ते उन्हाच्या नावावर जमा करून मोकळी होतात. उन्हाळ्यात भूक मंदावते हे खरेच आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या शरीराची भूक एकदा मंदावली की ऋतू पालटल्यावर ती आपोआप परत येईलच असे नाही. मधल्या काळात जे वजन उतरते, त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. झिजलेले स्नायू या वयात सहजासहजी भरून येत नाहीत. मग जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात तोल जातो.

म्हणून आजच्या लेखात फळ आणि दूध यांच्या एका साध्या पेयाविषयी सविस्तर लिहीत आहे. असे पेय आपण पाहुण्यांसाठी करतो, नातवंडांसाठी करतो. वृद्धांसाठी मात्र ते मोजून-मापून, वेळ पाहून आणि त्या व्यक्तीची प्रकृती ध्यानात घेऊन केले पाहिजे, कारण त्यांच्या बाबतीत तो पेला म्हणजे एक छोटे जेवण असते.

चिकूच का?

आंबा, केळे, सीताफळ ही फळेही दुधाबरोबर चांगली लागतात. केळ्याचे शिकरण तर आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचे आहे. तरीही वृद्धांसाठी मी चिकूला झुकते माप देतो. पिकलेला चिकू मऊ असतो, त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे दूध फाटत नाही. त्याचा गोडवा इतका असतो की वरून साखर घालण्याची गरज पडत नाही. त्याच्या गरामुळे पेयाला अंगचाच दाटपणा येतो, आइस्क्रीम किंवा बर्फ लागत नाही. शिवाय शंभर ग्रॅम गरात सुमारे पाच ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. बद्धकोष्ठाने त्रासलेल्या ज्येष्ठांना त्याचे मोल सांगायला नको.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. त्याच्या चिकापासून पूर्वी चघळण्याचा गोंद, म्हणजे च्युइंगम, तयार करीत. आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे आणि ‘कालीपत्ती’ ही जात आपल्या बाजारात सर्वांच्या ओळखीची आहे. फळ निवडताना बोटाने हलके दाबून पाहावे. सर्व बाजूंनी सारखे मऊ लागले तरच ते वापरावे. कच्च्या चिकूत चीक आणि तुरटपणा असतो. त्याने तोंडाला मिठी बसते आणि मग ज्येष्ठ मंडळी पुन्हा त्या पेल्याकडे पाहत नाहीत.

कृती

एका व्यक्तीसाठी मध्यम आकाराचा एक पिकलेला चिकू घ्यावा. स्वच्छ धुऊन, साल काढून, उभा चिरावा आणि बिया काढाव्यात. येथे क्षणभर थांबून माझे एक म्हणणे ध्यानात घ्यावे : बिया मोजून बाजूला ठेवाव्यात आणि गर बोटांनी चाचपून पाहावा. चिकूची बी कठीण असते आणि तिच्या टोकाशी आकड्यासारखा बाक असतो. अखंड बी घशात अडकू शकते आणि मिक्सरमध्ये फुटली तर तिचे अणकुचीदार तुकडे होतात. ज्यांना कवळी आहे, ज्यांच्या तोंडातील संवेदना कमी झाली आहे, त्यांना असा तुकडा वेळीच जाणवत नाही.

गरात 200 मिलिलिटर दूध घालावे. दूध उकळून, गार करून, शीतकपाटात ठेवलेले असावे. त्यात दुधाच्या भुकटीचा एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, घालावा; भुकटी साय काढलेल्या दुधाची असेल तर उत्तम. रात्री भिजवून सोललेले चार-पाच बदाम आणि वेलदोड्याची चिमूटभर पूड घालून सर्व पदार्थ एकजीव होईपर्यंत मिक्सरमध्ये फिरवावेत. बदामाची कणी राहता कामा नये. साखर घालू नये. बर्फही टाळावा, माठातील पाण्याइतका गारवा पुरेसा असतो, दातांना ठणका लागत नाही आणि बाहेरच्या बर्फातील पाण्याची शंका राहत नाही.

आता या पेल्यात काय उतरले, त्याचा हिशोब पाहू. गाईच्या दुधातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, भुकटीतून साडेतीन आणि बदामांतून एखादा ग्रॅम. म्हणजे सुमारे अकरा ग्रॅम प्रथिने आणि अडीचशे ते पावणेतीनशे कॅलरी. पन्नास किलो वजनाच्या वृद्ध व्यक्तीला, मूत्रपिंडे निरोगी असल्यास, दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा या एका पेल्यातून येतो. चहाबरोबरच्या दोन मारी बिस्किटांतून जेमतेम एक ग्रॅम प्रथिन मिळते, हे ताडून पाहण्यासारखे आहे.

दूध कोणते वापरावे, असाही प्रश्न वाचक नेहमी विचारतात. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्ड दुधात दीड टक्का आणि फुल क्रीम दुधात सहा टक्के. वजन उतरत असलेल्या कृश व्यक्तीला फुल क्रीम दूध द्यायला हरकत नाही. स्थूल किंवा हृदयविकार असलेल्यांना टोन्ड दूध बरे. प्रथिनांच्या दृष्टीने या तिन्हींत फारसा फरक नसतो.

वेळ कोणती?

दुपारी चारचा सुमार उत्तम. दुपारचे जेवण जिरलेले असते आणि रात्रीच्या जेवणाला तीन-चार तास अवकाश असतो. जेवणाच्या तोंडावर हा पेला दिला तर तो उरलीसुरली भूकही मारतो आणि आपला हेतूच फसतो. रात्रीच्या जेवणाऐवजी तर तो मुळीच देऊ नये. याचे एक गंभीर कारण आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पुरेसे जेवण पोटात जाईल असे गृहीत धरून दिलेली असतात. रात्रीची गोळी घेऊन केवळ दुधावर झोपलेल्या वृद्धाची साखर पहाटे धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे झोपेत कोणाच्या लक्षात येत नाहीत. जेवण टळणार असेल तर गोळीचे काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

कोणाला, कसे?

मधुमेह असलेल्यांनी अर्धा चिकू आणि दीडशे मिलिलिटर दूध घ्यावे. खजूर, मध, गूळ यांपैकी काहीही वरून घालू नये. गूळ आणि मध रक्तात साखरच होऊन जातात. पहिल्या दोन वेळी पेय घेण्यापूर्वी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर तपासावी, म्हणजे ते आपल्या शरीराला कितपत मानवते ते आकड्यांत कळेल.

मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असलेल्यांनी हे पेय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दूध आणि फळे यांत पोटॅशियम असते, दुधात फॉस्फरसही असतो, आणि दुबळी मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तदाबाची व हृदयाची काही औषधेही पोटॅशियम वाढवतात, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन. ज्यांना हृदयाच्या दुर्बलतेमुळे दिवसभरातील पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी हा पेलाही त्या मापात धरावा.

दूध प्यायल्यावर पोट गुबारणे, गुडगुडणे, जुलाब होणे असा त्रास काहींना होतो. दुधातील साखर पचवणारे पाचकद्रव्य वयाप्रमाणे कमी होते, हे त्यामागचे कारण. अशांनी अर्ध्या पेल्याने सुरुवात करावी किंवा दुधाऐवजी ताजे, गोड दही वापरावे. दह्यात ही साखर दुधापेक्षा कमी असते.

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत गिळण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पेय गाळून, थोडे दाट ठेवून, रुग्णाला ताठ बसवून, चमच्याने किंवा लहान घोटांनी द्यावे. आडवे झोपलेल्या माणसाच्या तोंडात पेय ओतू नये. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवावे. पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा प्यायल्यानंतर आवाज ओलसर, घरघरता येत असेल, तर पेय श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी देणे थांबवून डॉक्टरांना सांगावे. यातून फुप्फुसांचा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

औषधे आणि दूध

“गोळी दुधाबरोबरच घ्यावी, म्हणजे उष्ण पडत नाही,” हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. सर्वच औषधांना तो लागू पडत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. लोहाच्या गोळ्या आणि दूध यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमला चिकटतात आणि शरीरात पुरेशी शोषली जात नाहीत. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळीही केवळ साध्या पाण्याबरोबर आणि उपाशीपोटीच घ्यायची असते. आपल्या औषधांची चिठ्ठी घेऊन एकदा डॉक्टरांकडे जावे आणि प्रत्येक गोळीपुढे ‘दुधाबरोबर चालते’ किंवा ‘चालत नाही’ असे लिहून घ्यावे.

विरुद्ध आहाराचा प्रश्न

दूध आणि फळ एकत्र करणे हा विरुद्ध आहार नव्हे काय, असे अनेक ज्येष्ठ वाचक विचारतात. आंबट फळे दुधासोबत घेऊ नयेत, हे आयुर्वेदात स्पष्टपणे सांगितले आहे. आंबट फळांतील आम्लाने दूध फाटते, हे तर स्वयंपाकघरातही दिसते. ताजा अननस आणि कच्ची पपई यांतील पाचकद्रव्ये दुधातील प्रथिने तोडतात आणि पेय कडवट होते. म्हणून संत्रे, मोसंबी, अननस ही फळे दुधात न घालता वेगळी खावीत. गोड, पिकलेल्या चिकूच्या बाबतीत अशी अडचण येत नाही. तरीही ज्यांच्या मनाला हे पटत नाही, त्यांना आग्रह करू नये. चिकूच्या फोडी दुपारी आणि दूध रात्री, अशी वाटणी केली तरी पोषण तेवढेच मिळते.

करून ठेवू नये

हे पेय केल्यावर लगेच प्यावे. उन्हाळ्यात फळ घातलेले दूध तासाभराहून अधिक काळ बाहेर राहिले तर ते टाकून द्यावे. ‘संध्याकाळी घेईन’ म्हणून उशाशी झाकून ठेवलेला पेला जुलाबांचे निमित्त होऊ शकतो आणि वृद्ध शरीरातील पाणी फार लवकर कमी होते. मिक्सरच्या भांड्याचे पाते व झाकणाचे रबर काढून धुवावे. दुधाचा अंश तेथेच साचतो.

शुश्रूषा करणाऱ्यांना शेवटी दोन गोष्टी सुचवतो. घरात वजनकाटा आणावा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आजी-आजोबांचे वजन दिनदर्शिकेवर लिहावे. पन्नास किलोच्या व्यक्तीचे वजन सहा महिन्यांत कोणताही प्रयत्न न करता अडीच किलोने उतरले, बांगड्या सैल झाल्या, कवळी हलू लागली, तर केवळ पेल्यावर विसंबून राहू नये. भूक मंदावण्यामागे दातांचे दुखणे, बद्धकोष्ठ, औषधांचा परिणाम, थायरॉइडचा विकार, क्षय, कर्करोग किंवा मनाची उदासीनता, यांपैकी काहीही असू शकते आणि त्यांपैकी बऱ्याच कारणांवर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट अशी की पेला एकट्या माणसासमोर ठेवून निघून जाऊ नये. चार वाजता आपलाही चहा घेऊन त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसावे. एकट्याने न संपणारा पेला सोबतीने संपतो, असा अनुभव अनेक घरांतून मला सांगितला जातो. ठसका लागतो का, हात थरथरतो का, पेला अर्धवट राहतो का, हेही त्या दहा मिनिटांत आपल्या नजरेस पडते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके तेच सांगावे.